विजेरीचा बिघडलेला खटका : दोष कसा ओळखावा व दुरुस्ती कशी करावी

शेतकऱ्याच्या घरातील नित्योपयोगी वस्तूंची यादी केली, तर विजेरीचे नाव तीत बरेच वर घालावे लागेल. पुष्कळ गावी शेतीपंपास वीज आजही आळीपाळीने रात्री मिळते. अशा वेळी पिकाला पाणी देणे, रात्री व्यालेल्या गाईकडे जाऊन पाहणे, रानडुकरांपासून उभ्या पिकाची राखण करणे, कठडा नसलेल्या विहिरीवर जाऊन पंप सुरू करणे, ही सर्व कामे विजेरीच्या भरवशावर होतात. महाराष्ट्रात आढळणाऱ्या नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार प्रमुख विषारी सापांपैकी मण्यार व घोणस हे विशेषेकरून रात्री वावरतात. तेव्हा बांधावरून चालताना हातातील विजेरी अचानक विझणे ही केवळ गैरसोय नव्हे. तो जिवावरचा प्रसंग ठरू शकतो.

असे असूनही विजेरीच्या निगेकडे आपले फारसे लक्ष नसते. ती पेटेनाशी झाली की प्रथम नवे सेल आणले जातात. तरीही ती पेटली नाही, तर दोन-चार वेळा तळहातावर आपटली जाते आणि शेवटी अडगळीत पडते. वस्तुतः अशा टाकून दिलेल्या विजेऱ्यांपैकी कित्येकींचे सेल व दिवा चांगले असतात. दोष असतो तो फक्त खटक्यात किंवा त्याच्या आसपासच्या सांध्यांत. हा दोष ओळखण्यास मोठे ज्ञान लागत नाही. वीतभर तार, काचकागदाचा एक तुकडा व थोडा धीर एवढ्या साहित्यावर बहुतेक साध्या विजेऱ्या घरच्या घरी पुन्हा चालू करता येतात. ते कसे करावे याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

विजेरीतील प्रवाहाचा मार्ग

विजेरी ही फार जुनी वस्तू नव्हे. सेल एकापुढे एक नळीत ठेवून हातात धरावयाच्या दिव्याचे पेटंट डेव्हिड मिसेल यांना अमेरिकेत १० जानेवारी १८९९ रोजी मिळाले. त्या काळचे सेल इतके दुबळे असत, की दिवा फार वेळ सलग लावता येत नसे. क्षणभर लावावा व सोडून द्यावा लागे. म्हणूनच इंग्रजीत तिला ‘फ्लॅशलाइट’, म्हणजे लुकलुकणारा दिवा, हे नाव पडले. पुढे सेल सुधारले, दिवे बदलले. परंतु आतील रचनेचे तत्त्व मूलतः तेच राहिले आहे.

ते तत्त्व पाटाच्या पाण्याच्या उपमेने सहज ध्यानात येईल. विहिरीतून उपसलेले पाणी पाटाने वाफ्यापर्यंत जाते. पाट मध्येच फुटला तर वाफ्यात थेंबही पोचत नाही, आणि पाट गाळाने भरला तर पाणी पोचते खरे, पण बारीक धारेने. विजेचेही तसेच आहे. मात्र एक भेद लक्षात ठेवावा. वीज ज्या टोकातून निघाली त्याच सेलच्या दुसऱ्या टोकास तिला परत यावे लागते. जाण्याचा मार्ग आणि परतीचा मार्ग, दोन्ही अखंड असतील तरच दिवा लागतो.

दोन सेलांच्या साध्या विजेरीत हा मार्ग असा असतो. पुढच्या सेलची टोपी, म्हणजे धन टोक, दिव्याच्या बुडाच्या ठिपक्यास टेकते. तेथून वीज दिव्यात शिरते व दिव्याच्या बाजूच्या धातूच्या कड्यातून बाहेर पडते. पुढे ती चकचकीत वाटीच्या, म्हणजे परावर्तकाच्या, कडेने खटक्यापर्यंत येते. खटक्यातून ती धातूच्या लांब पट्टीत जाते आणि पट्टीवाटे बुडाच्या झाकणातील स्प्रिंगपर्यंत पोचून मागच्या सेलच्या ऋण टोकास मिळते. विजेरी पत्र्याची असेल तर पट्टीचे काम तिची नळीच करते. प्लॅस्टिकच्या विजेरीत नळीतून वीज वाहत नसल्याने निराळी पट्टी बसविलेली असते.

या मार्गातील खटका म्हणजे पाटाचे दार होय. पाटाचे दार उघडले की पाणी वाहते. विजेच्या खटक्यात मात्र फट मिटली की प्रवाह वाहतो आणि फट उघडली की थांबतो. खटका पुढे सरकविला असता आतील पितळेची लहानशी जीभ पट्टी व परावर्तक यांना एकत्र जोडते. ही जीभ मळली, वाकली किंवा तिची लवचीकता गेली की फट पूर्णपणे मिटत नाही, आणि विजेरी पेटत नाही.

खटक्यांचे प्रकार

बाजारात स्वस्त विजेऱ्यांत सामान्यतः तीन प्रकारचे खटके आढळतात.

(१) सरकता खटका : जुन्या धाटणीच्या पत्र्याच्या व प्लॅस्टिकच्या विजेऱ्यांत हा असतो. याची जीभ उघड्यावर असल्यामुळे तीत धूळ व ओल लवकर शिरते. परंतु त्याच कारणामुळे तो साफ करणेही सोपे असते.

(२) बुडाचा दाबखटका : ॲल्युमिनियमच्या नळीच्या एल.ई.डी. विजेऱ्यांत मागच्या झाकणात रबरी टोपीखाली हा असतो. दाबताच ‘टक्’ असा आवाज होतो. याचे यंत्र बंद डबीत असते. डबी उघडून दुरुस्ती करणे बहुधा शक्य नसते. मात्र अख्खा खटका बदलता येतो.

(३) फळीवरील खटका : चार्ज होणाऱ्या विजेऱ्यांत तो लहान फळीवर किंवा तारांना डाखाने जोडलेला असतो. याची दुरुस्ती जाणकाराकडून करून घेणे इष्ट.

लक्षणांवरून दोषाचा अंदाज

वैद्य जसा लक्षणे पाहून रोगाचा अदमास घेतो, तद्वत विजेरी उघडण्यापूर्वीच पुढील गोष्टी पाहाव्यात.

विजेरी मुळीच पेटत नसेल, तर दोष सेल, दिवा, खटका यांपैकी कोठेही असू शकतो. पुढे दिलेल्या क्रमाने तपासणी करावी.

हलविल्यावर किंवा आपटल्यावर ती क्षणभर पेटत असेल, तर सेल व दिवा चांगले आहेत असे समजण्यास हरकत नाही. दोष सांध्याचा आहे. खटका दाबून धरल्यास उजेड स्थिर होत असेल, तर तो खटक्याचाच होय. बुडाचे झाकण आवळल्यावर स्थिर होत असेल, तर स्प्रिंगचा किंवा आट्यांचा.

सेल नवे असूनही उजेड मंद असेल, तर मार्गात ‘गाळ’ साचला आहे असे मानावे. दोन सेलांचा दाब ३ व्होल्ट असतो. दिवा ०.३ अँपिअर प्रवाह घेत असेल आणि मळलेल्या खटक्याचा अडथळा अवघा १ ओहम असेल, तरी सुमारे ०.३ व्होल्ट, म्हणजे एकूण दाबाचा दहावा हिस्सा, तेथेच खर्ची पडतो. तारेच्या दिव्यात दाब एक दशांशाने घटला तर उजेड जवळजवळ तीन दशांशांनी घटतो. हा ऱ्हास सेल बदलून भरून निघत नाही. नवे सेल आणण्यापूर्वी खटका साफ करावा असे आग्रहाने सांगण्याचे कारण हेच होय.

विजेरी बंदच होत नसेल, तर जीभ वाकून कायमची टेकली आहे, किंवा फुटलेल्या सेलचा क्षार मध्ये साचला आहे, असे समजावे.

तपासणीचा क्रम

तपासणी करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. सेल, दिवा व खटका यांना एकदम हात घातला, तर विजेरी पेटली तरी दोष कोठे होता हे कळत नाही. साहित्य म्हणून रबरी आवरणाची वीतभर बारीक तार घ्यावी व तिची दोन्ही टोके बोटाच्या पेराइतकी सोलावीत.

पहिली पायरी, सेल : सेल योग्य दिशेने बसविले आहेत काय ते प्रथम पाहावे. ही चूक हास्यास्पद वाटली तरी अंधारात घाईने सेल घालताना ती वारंवार होते. नंतर हेच सेल दुसऱ्या चांगल्या विजेरीत घालून पाहावेत. मल्टीमीटर उपलब्ध असल्यास नवा कोरडा सेल सुमारे १.५ व्होल्ट दाखवितो, १.२ व्होल्टच्या खाली गेलेला सेल अशक्त समजावा.

दुसरी पायरी, दिवा : सेल बाहेर काढून एकावर एक उभे धरावेत. दिव्याच्या बुडाचा ठिपका वरच्या सेलच्या टोपीवर टेकवावा. तारेचे एक टोक खालच्या सेलच्या बुडास व दुसरे दिव्याच्या बाजूच्या कड्यास लावावे. दिवा लागला तर सेल व दिवा दोन्ही निर्दोष आहेत. या प्रयोगात तार सेलच्या दोन्ही टोकांस सरळ जोडली जाणार नाही याची दक्षता घ्यावी. तसे झाल्यास सेल तापून निकामी होतो.

तिसरी पायरी, स्प्रिंग व पट्टी : सेल विजेरीत घालून बुडाचे झाकण आवळावे आणि पुढचा भाग काढून ठेवावा. दिव्याचा ठिपका पुढच्या सेलच्या टोपीवर धरून, दिव्याच्या कड्यास लावलेल्या तारेचे दुसरे टोक खटक्याच्या मागील बाजूस लांब पट्टीवर टेकवावे. विजेरी पत्र्याची असेल तर नळीच्या रंग नसलेल्या उघड्या कडेवर टेकवावे. दिवा लागला तर स्प्रिंग व पट्टी ठीक आहेत. न लागल्यास दोष बुडाकडे आहे.

चौथी पायरी, खटका : तारेचे तेच टोक आता पट्टीवरून उचलून खटक्याच्या पुढील टोकावर ठेवावे व खटका चालू करावा. दिवा लागला नाही तर खटका दोषी ठरला. खटका मागेपुढे करताना दिवा लुकलुकत असेल तर जीभ मळलेली आहे. दिवा स्थिर लागला तर खटका निर्दोष असून दोष परावर्तक व दिव्याचे कडे यांच्या सांध्यात शोधावा.

बुडाच्या दाबखटक्याची तपासणी याहून सोपी आहे. मागचे झाकण पूर्ण काढावे. तारेचे एक टोक मागच्या सेलच्या बुडास व दुसरे नळीच्या उघड्या कडेस लावावे. विजेरी पेटली तर दोष झाकणात आहे. न पेटल्यास पुढच्या भागात. ॲल्युमिनियमच्या नळीवर रंगीत थर असतो व त्यातून वीज वाहत नाही; म्हणून तार चकचकीत उघड्या कडेसच लावली पाहिजे.

दुरुस्ती

सरकता खटका : सर्वप्रथम सेल काढून खटका वीस-पंचवीस वेळा जोराने मागेपुढे करावा. घर्षणाने जिभेवरील मळ पुसला जातो व कित्येकदा एवढ्यानेच काम भागते. न भागल्यास जिभेची व पट्टीची टेकणारी जागा बारीक काचकागदाने किंवा शाळकरी मुलांच्या खोडरबराने हलकेच घासावी. पितळेवर चढलेला काळा थर किंवा हिरवा कळंक गेला पाहिजे. परंतु वरचा पांढरा मुलामा खरवडून काढू नये. मुलामा गेलेली जागा लवकर गंजते. घासल्यानंतर भुकटी कोरड्या फडक्याने पुसून घ्यावी.

जिभेची लवचीकता गेली असेल, तर ती बांबूच्या काडीने किंचित, एखाद-दुसऱ्या मिलिमीटरपुरती, वर उचलावी. जोराने वाकविल्यास पितळ तडकते; तडकलेली जीभ पुन्हा जुळत नाही.

दाबखटका : झाकणाच्या आत पाहिले असता दोन खाचा असलेली धातूची कडी दिसते. ही सैल झाल्याने सांधा तुटणे हा अशा विजेऱ्यांचा नेहमीचा आजार आहे. चिमट्याची दोन टोके खाचांत घालून ती आवळावी. नळीची कडा, झाकणाचे आटे व कडी फडक्याने स्वच्छ पुसावी. तरीही विजेरी पेटली नाही तर कडी काढून खटका बाहेर घ्यावा आणि त्याच मापाचा नवा आणावा. दुकानात जाताना जुना खटका बरोबर न्यावा.

सेलच्या पाझराने खराब झालेली विजेरी : यात साफसफाईची रीत सेलच्या जातीवर अवलंबून असते. साध्या कोरड्या सेलांतील द्रव आम्लधर्मी असतो. तो खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्याने पुसावा. ज्यावर ‘अल्कलाइन’ असे छापलेले असते त्या सेलांतील द्रव अल्कधर्मी असतो. त्यास लिंबाचा रस किंवा व्हिनेगर लावावे. नंतर दोन्ही प्रकारांत स्वच्छ पाण्याच्या ओलसर फडक्याने पुसून विजेरी दिवसभर सावलीत उघडी वाळवावी. हे काम करताना हात डोळ्यांस लावू नये व मुलांना जवळ बसवू नये.

ऐन वेळी शेतात बिघाड झाल्यास

रात्री शेतात खटका दगा देऊ लागला, तर घाबरून अंधारात चालू लागू नये. जागच्या जागी उभे राहावे आणि प्रथम बुडाचे झाकण आवळून पाहावे. दाबखटका निकामी झाला असेल व विजेरी साध्या सेलांची असेल, तर चहाच्या किंवा विडीकाडीच्या पाकिटातील चांदीचा कागद चुरगळून तो मागच्या सेलचे बूड व नळीची कड या दोहोंस टेकेल असा ठेवावा आणि झाकण लावावे. विजेरी चालू राहील. बंद करण्यासाठी झाकण सैल करावे. तसेच खटका चालू स्थितीत अडकला असल्यास झाकण अर्धा फेरा सैल केल्याने विजेरी बंद होते व सेल वाचतात. हा उपाय केवळ घरी पोचण्यापुरता आहे. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती केलीच पाहिजे.

इतकी काळजी घेऊनही सर्पदंश झालाच, तर जखम कापू नये, चोखू नये, घट्ट दोरी आवळू नये. दंश झालेला अवयव हलणार नाही असा ठेवून रुग्णास विनाविलंब रुग्णालयात न्यावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. सापाच्या विषावर प्रतिविषाच्या लसीखेरीज अन्य उतारा नाही.

चार्ज होणाऱ्या विजेऱ्यांविषयी इशारा

घरातील विजेवर चार्ज होणाऱ्या स्वस्त विजेऱ्या आता खेड्यापाड्यांतून सर्रास दिसतात. त्यांच्या बाबतीत वरील प्रयोग करू नयेत. त्यांपैकी कित्येकींत घरातील २३० व्होल्टची वीज आतील भागापासून पुरेशी अलग केलेली नसते. अशी विजेरी प्लगमध्ये असताना उघडली, किंवा तिच्या आतील धातूस हात लागला, तर प्राणघातक झटका बसू शकतो. म्हणून विजेरी चार्ज होत असताना ती वापरू नये, उघडू नये, ओल्या हाताने धरू नये. तिच्यातील लिथियम सेलची दोन टोके तारेने किंवा चांदीच्या कागदाने जोडली गेल्यास सेल अतिशय तापून पेट घेऊ शकतो. फुगलेला सेल वापरातून काढून टाकावा. या विजेऱ्यांतील सुटलेली तार डाखाने जोडण्याचे काम रेडिओ किंवा भ्रमणध्वनी दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे द्यावे.

याच संदर्भात आणखी एक सूचना : पंपाच्या स्टार्टरची पेटी पाहताना धातूची विजेरी पेटीत घालू नये व दातांत धरू नये. उजेड दाखविण्यास दुसरा मनुष्य बरोबर घ्यावा.

निगा

खटका बिघडू न देणे हा दुरुस्तीहून श्रेयस्कर मार्ग होय. त्यासाठी पुढील नियम पाळावेत.

(१) जुने व नवे, किंवा निरनिराळ्या जातींचे सेल एकत्र घालू नयेत.

(२) विजेरी महिनाभर लागणार नसेल तर सेल काढून ठेवावेत.

(३) पावसात भिजलेली विजेरी उघडून, सेल काढून, सावलीत वाळवावी. चुलीजवळ ठेवू नये.

(४) खटक्यात खोबरेल किंवा यंत्राचे तेल सोडू नये. तेलाला धूळ चिकटते व त्याचा चिखल होतो. झाकणाच्या आट्यांना पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात द्यावा. ओल आत शिरत नाही.

(५) संपलेले सेल विस्तवात, विहिरीत किंवा शेतात टाकू नयेत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

हा विषय केवळ वाचून दाखविण्याचा नाही. करून दाखविण्याचा आहे. मृग नक्षत्र लागण्यापूर्वी गावच्या चावडीत किंवा शाळेत एक सायंकाळ यासाठी राखून ठेवावी. प्रत्येकाने घरातील बंद पडलेली विजेरी आणावी असे आधी कळवावे. कार्यकर्त्याने तार, काचकागद, खोडरबर, चिमटा आणि सेलांची एक चांगली जोडी एवढे साहित्य बरोबर न्यावे. पहिली विजेरी स्वतः तपासून दाखवावी. दुसरी एखाद्या तरुण शेतकऱ्याकडून व तिसरी एखाद्या भगिनीकडून तपासून घ्यावी. चार्ज होणाऱ्या विजेऱ्या मात्र बाजूस ठेवून त्यांच्यातील धोका तेवढा समजावून सांगावा. ज्या दुरुस्त होणार नाहीत त्यांच्यातील चांगले भाग इतरांस उपयोगी पडतील.

थोडक्यात सांगावयाचे तर, आधी सेल, मग दिवा, मग स्प्रिंग व पट्टी आणि शेवटी खटका, हा क्रम ध्यानात ठेवावा. दोष सापडल्याशिवाय काही विकत आणू नये, आणि दोष सापडल्यावर दुरुस्ती उद्यावर टाकू नये. प्रत्येक शेतकऱ्याने दिवेलागणीस खटका एकदा दाबून पाहण्याची सवय लावून घ्यावी. ज्या विजेरीची परीक्षा घराच्या उंबऱ्यावर झाली, तिची परीक्षा रात्री बांधावर घेण्याची पाळी सहसा येत नाही.